कारच्या ब्रेक डिस्कला डावी-उजवी बाजू असते का? नवी डिस्क बसवण्याआधी काय तपासायचं?

वाशिमहून अकोल्याला निघालेली गाडी मालेगाव, मेडशी मागे टाकून पातूरच्या घाटात शिरते. वाशिम शहर अकोल्यापेक्षा साधारण अडीचशे मीटर उंचावर आहे. एवढी उंची उतरताना ड्रायव्हरचा पाय सारखा ब्रेकवर जातो. जिल्ह्याच्या दुसऱ्या भागात, मालेगाव, मंगरूळपीर आणि कारंजा तालुक्यांतून समृद्धी महामार्ग जातो. तिथे उतार फारसा नाही, पण सपाट भागात कारला ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाची परवानगी आहे. रस्ते वेगळे असले तरी दोन्हीकडे ब्रेकवर येणारा भार एकच असतो, तो म्हणजे उष्णता.

ही उष्णता बाहेर टाकण्यासाठी आजच्या बहुतेक कारच्या पुढच्या चाकांना आतून पोकळ असलेली डिस्क असते. तिला व्हेंटिलेटेड डिस्क किंवा व्हेंटेड रोटर म्हणतात. जुनी डिस्क झिजली की गॅरेजमध्ये नवी बसते. खोक्यातून निघालेल्या दोन डिस्क वरवर सारख्याच दिसतात, म्हणून कोणती कुठे बसवायची हा प्रश्न कुणाला पडत नाही.

बहुतेक गाड्यांच्या बाबतीत तो पडायचं कारणही नाही. पण काही डिस्कना खरोखरच डावी आणि उजवी बाजू असते. त्यांची अदलाबदल झाली तर गाडी गावात नेहमीसारखीच थांबते. फरक पडतो तो ब्रेक खूप तापल्यावर, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हा.

ब्रेक किती तापतो?

धावत्या गाडीत गतीची ऊर्जा असते. ब्रेक दाबला की पॅड डिस्कला घासतात आणि त्या ऊर्जेचं उष्णतेत रूपांतर होतं.

माणसांसह १,२०० किलो वजनाची कार ताशी ८० किलोमीटर वेगाने धावत असेल, तर तिच्यात सुमारे ३ लाख ज्यूल ऊर्जा असते. ३० अंशांचं एक लिटर पाणी उकळीला आणायला जवळपास इतकीच ऊर्जा लागते. म्हणजे ८० च्या वेगावरून गाडी एकदा पूर्ण थांबवणं आणि गॅसवर लिटरभर पाण्याला उकळी आणणं, यात उष्णतेच्या हिशेबाने फारसा फरक नाही. ब्रेकला मात्र ते काम काही सेकंदांत करावं लागतं.

वेग वाढला की हा आकडा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समृद्धीवर १२० च्या वेगावरून थांबताना ८० च्या तुलनेत सव्वादोन पट उष्णता तयार होते.

गाडी थांबताना तिचा भार पुढे झुकतो, त्यामुळे जास्त काम पुढचे ब्रेक करतात. यातली ७० टक्के उष्णता पुढच्या दोन डिस्कमध्ये जाते आणि प्रत्येक डिस्क पाच किलोची आहे असं धरलं, तर ८० वरून एकदा थांबल्यावर त्या साधारण ४५ अंशांनी तापतात. १२० वरून थांबल्यावर हीच वाढ १०० अंशांच्या आसपास जाते. एकदा ब्रेक लावून भागलं तर डिस्क पुढच्या काही मिनिटांत थंड होते. घाटात तेवढी उसंत मिळत नाही. आधीची उष्णता गेलेली नसताना नवी येते आणि तापमान चढत राहतं.

याच गाडीने अडीचशे मीटर उंची उतरली तर एकूण सुमारे २९ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. दहा लिटर पाणी उकळेल इतकी ही ऊर्जा आहे. यातला काही वाटा वाऱ्याचा अडथळा आणि गिअरमध्ये असलेलं इंजिन उचलतं. उरलेला सगळा ब्रेकवर येतो.

व्हेंटिलेटेड डिस्क थंड कशी होते?

साधी डिस्क म्हणजे लोखंडाची एक भरीव चकती. व्हेंटिलेटेड डिस्कमध्ये अशा दोन चकत्या असतात आणि त्यांच्यामध्ये फट असते. या फटीत ठराविक अंतरावर पाती असतात. ती दोन्ही चकत्यांना जोडून ठेवतात.

चाक फिरलं की फटीतली हवाही पात्यांसोबत फिरते आणि बाहेरच्या कडेकडे फेकली जाते. तिची जागा घ्यायला मध्याकडून, हबच्या बाजूने, नवी हवा आत येते. ती तापलेल्या पात्यांना घासत बाहेर पडते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. थोडक्यात, व्हेंटिलेटेड डिस्क ब्रेकचं काम करता करता पंख्याचंही काम करते.

डिस्क ब्रेकची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधल्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं. १९५३ मध्ये डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार गाडीने फ्रान्समधली ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली आणि या ब्रेकची ताकद जगाला दिसली. गाड्यांचा वेग आणि वजन वाढत गेलं तशी भरीव डिस्कची थंड होण्याची क्षमता कमी पडू लागली आणि पोकळ डिस्कचा वापर वाढला.

मग डावं-उजवं कुठून येतं?

ते ठरतं आतल्या पात्यांच्या आकारावरून. हा आकार साधारण तीन प्रकारचा असतो.

पहिला प्रकार सरळ पात्यांचा. सायकलच्या चाकातल्या आऱ्यांसारखी ही पाती मध्यापासून कडेपर्यंत सरळ जातात. अशी डिस्क कोणत्याही दिशेला फिरली तरी हवा सारखीच फेकते. तिला डावी-उजवी बाजू नसते.

दुसरा प्रकार खुंट्यांचा. यात लांब पात्यांऐवजी छोटे छोटे खांब असतात. यालाही दिशा नसते.

तिसरा प्रकार वक्र पात्यांचा. यात पाती मध्यापासून कडेकडे जाताना एका बाजूला वळलेली किंवा तिरकी असतात. डावी-उजवी बाजू असते ती फक्त याच प्रकाराला.

वक्र पात्यांचा उद्देश हवेला सोपी वाट देणं हा असतो. फिरत्या चकतीवर मध्याजवळ एखादी गोटी ठेवली तर ती बाहेर घरंगळताना चकतीच्या मागे पडत जाते. चकतीवर तिची वाट मागे वळलेली दिसते. हवेचंही तसंच होतं. पात्याचं बाहेरचं टोक फिरण्याच्या दिशेच्या मागे वळलेलं असेल तर हवा पात्याला लागून अलगद बाहेर निघते. तेच टोक पुढे वळलेलं असेल तर हवा पात्यावर आपटते, आत भोवरे तयार होतात आणि कमी हवा बाहेर पडते.

आता गंमत अशी की दोन चाकांच्या फिरण्याची दिशा बघणाऱ्याला वेगळी दिसते. गाडी पुढे जात असताना उजव्या बाजूला उभं राहून पाहिलं तर चाक घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतं. डाव्या बाजूने पाहिलं तर ते काट्यांच्या उलट फिरतं. म्हणून एकाच घडणीची वक्र पात्यांची डिस्क दोन्हीकडे लावली, तर एका बाजूला पाती बरोबर बसतात आणि दुसऱ्या बाजूला उलटी. हे टाळण्यासाठी एकमेकींची आरशातली प्रतिमा असावी अशी डावी-उजवी जोडी बनवली जाते.

रेल्वेचं उदाहरण घेतलं तर हे आणखी स्पष्ट होतं. एलएचबी प्रकारच्या डब्यांनाही डिस्क ब्रेक असतात. पण डबा आज एका दिशेने धावतो आणि उद्या उलट्या. तिथे एकाच दिशेला चांगली चालणारी डिस्क उपयोगाची नाही. कार मात्र जवळपास सगळं अंतर पुढेच जाते, त्यामुळे तिच्या डिस्कला दिशा देणं परवडतं.

उलटी बसली तर काय होतं?

याचं उत्तर विहिरीवरच्या किंवा बोअरच्या मोटारीत सापडतं. थ्री फेज मोटारीच्या तीनपैकी दोन वायरी उलट लागल्या की मोटार उलटी फिरते. पाणी तरीही येतं, पण धार बारीक असते आणि पाइप भरून वाहत नाही. पंपाच्या आतल्या इम्पेलरची पाती एका दिशेसाठी वळवलेली असतात, म्हणून असं होतं. वायरमन दोन वायरींची अदलाबदल करतो आणि पाणी पूर्ववत येतं.

वक्र पात्यांची डिस्क उलट बाजूला बसवली तर नेमकं हेच घडतं. अशी डिस्क बाहेरची हवा उलटी आत ओढते, असं काही जण सांगतात. ते खरं नाही. फिरणारी डिस्क हवा बाहेरच फेकते, फक्त तिचं प्रमाण घटतं. पंपाच्या वायरी बदलता येतात, चाकाची दिशा बदलता येत नाही. त्यामुळे इथे डिस्कचीच अदलाबदल करावी लागते.

गाडी चालवताना ही चूक जाणवत नाही, आणि तोच खरा धोका आहे. थंड ब्रेकची पकड पॅड आणि डिस्कच्या घर्षणावर अवलंबून असते, पात्यांच्या दिशेवर नाही. गॅरेजबाहेर एक चक्कर मारून ब्रेक तपासला तर तो उत्तमच लागतो.

फरक दिसतो तो घाटात, भरलेल्या गाडीत किंवा वेगात वारंवार ब्रेक लावावा लागतो तेव्हा. हवा कमी फिरल्यामुळे डिस्क जास्त तापते आणि उशिरा थंड होते. पॅड प्रमाणाबाहेर तापले की त्यांची पकड कमी होते. याला ब्रेक फेड म्हणतात. पेडल नेहमीसारखं कडक लागतं, पण गाडी थांबायला जास्त अंतर घेते.

उष्णता पुढे ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते. नव्या डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश आणि डॉट ४ चा किमान २३० अंश असावा लागतो. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी हेच किमान आकडे १४० आणि १५५ अंशांवर येतात. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडे दाबले जातात, त्यामुळे पेडल खाली जातं आणि चाकापर्यंत दाबच पोहोचत नाही.

ऑनलाइन मागवताना कधी दोन्ही डिस्क एकाच बाजूच्या येतात. मग एक बाजू नीट थंड होते आणि दुसरी जास्त तापते. ब्रेक खूप गरम झाल्यावर गाडी एका बाजूला ओढली जाण्याची शक्यता असते.

प्रत्येक गाडीला हा नियम लागू आहे का?

नाही. भारतात मोठ्या संख्येने विकल्या जाणाऱ्या छोट्या गाड्यांमध्ये पुढच्या दोन्ही डिस्क साधारणपणे एकाच पार्ट नंबरच्या असतात. त्या कोणत्याही बाजूला बसतात. मागे ड्रम ब्रेक असेल किंवा भरीव डिस्क असेल तर तिथेही हा प्रश्न येत नाही.

वक्र पात्यांच्या डिस्क जास्त करून महागड्या, ताकदवान गाड्यांत आणि बाहेरून विकत घेतलेल्या ‘परफॉर्मन्स’ डिस्कमध्ये दिसतात. सेकंडहँड बाजारातून घेतलेली आलिशान गाडी दुरुस्त करताना किंवा ऑनलाइन डिस्क मागवताना म्हणून जास्त काळजी लागते.

खर्च आणि साठवणूक सोपी व्हावी म्हणून काही कंपन्या वक्र पात्यांची एकच डिस्क दोन्ही बाजूंना वापरतात. अशा वेळी ब्रेकची क्षमता ते गृहीत धरूनच ठरवलेली असते. त्यामुळे पहिला शब्द गाडीच्या कंपनीचा. पार्ट नंबर दोन असतील तर बाजू पाळायची, एकच असेल तर चिंता करायची गरज नाही.

छिद्रं आणि खाचा पाहून बाजू ओळखता येते का?

इथे सर्वाधिक गोंधळ होतो. काही डिस्कच्या पृष्ठभागावर छिद्रं किंवा तिरक्या खाचा असतात. त्या चटकन दिसतात, म्हणून त्यांच्यावरूनच डावी-उजवी ठरवली जाते.

खाचांचं काम वेगळं आहे. पॅडखाली साचणारी धूळ आणि वायू त्या बाहेर काढतात आणि पॅडचा पृष्ठभाग ताजा ठेवतात. आतून हवा फेकणं हे त्यांचं काम नाही. कोणत्या कंपनीच्या डिस्कवर खाचा कोणत्या दिशेला तिरक्या असतील, याचा एकच नियम नाही. खाचा एका बाजूला झुकलेल्या आणि आतली पाती सरळ, अशाही डिस्क मिळतात. त्यामुळे हवेच्या हिशेबाने बाजू ठरवायची तर पातीच पाहावी लागतात.

खराट्याची काडी आणि मोबाइलचा टॉर्च

डिस्क बसवण्याआधी हे तपासायला एखादं मिनिट पुरतं.

आधी खोकं आणि डिस्क नीट पाहावी. डाव्या बाजूसाठी ‘एल’ किंवा ‘एलएच’, उजव्या बाजूसाठी ‘आर’ किंवा ‘आरएच’ अशी अक्षरं असू शकतात. कधी फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असतो. खूण असेल तर ती पाळायची.

खूण नसेल तर डिस्कच्या कडेवरच्या फटीत टॉर्च मारायचा आणि दोन पात्यांच्या मधून खराट्याची बारीक काडी आत सरकवायची. काडी थेट मध्याकडे गेली तर पाती सरळ आहेत, डिस्क कुठेही चालेल. मध्येच छोट्या खांबांना अडत असेल तर खुंट्यांची डिस्क आहे, तीही कुठेही चालेल. काडी तिरकी जात असेल तर पाती वक्र आहेत.

वक्र पाती असतील तर डिस्क ज्या चाकाला लावायची तिथे, चाकाचे बोल्ट येतात ती बाजू बाहेर ठेवून उभी धरायची. मग काडी डिस्कच्या सगळ्यात वरच्या भागात खोचायची. काडीचं बाहेर राहिलेलं टोक गाडीच्या मागच्या बाजूला, म्हणजे डिकीकडे झुकलेलं असेल तर डिस्क बरोबर बाजूला आहे. ते बॉनेटकडे झुकलं असेल तर ही डिस्क पलीकडच्या चाकाची.

‘ड्रायव्हर साइड’ म्हणजे कोणती?

डावी-उजवी नेहमी ड्रायव्हरच्या सीटवर पुढे तोंड करून बसलेल्या माणसाच्या हिशेबाने ठरते. गाडीसमोर उभं राहून पाहिलं तर ती उलटी वाटते.

दुसरा घोळ इंटरनेटवरच्या व्हिडिओंमुळे होतो. भारतात ड्रायव्हर उजवीकडे बसतो, अमेरिकेत डावीकडे. अमेरिकी व्हिडिओत किंवा वेबसाइटवर ‘ड्रायव्हर साइड’ लिहिलं असेल तर ती आपल्या गाडीची क्लीनर साइड समजायची. चाक कोणत्या दिशेला फिरतं हे स्टिअरिंग कुठे आहे यावर ठरत नाही, म्हणून डावी डिस्क दोन्ही देशांत डावीच राहते.

कॅलिपरच्या बाबतीतही बाजूची चूक होऊ शकते. दोन्ही बाजूंचे कॅलिपर सुटे केले आणि बसवताना अदलाबदल झाली, तर ब्रेकमधली हवा काढायचा नट वरच्या ऐवजी खाली येतो. हवा नेहमी वर साचते, त्यामुळे कितीही वेळा ब्रेक ब्लीड केला तरी ती निघत नाही आणि पेडल मऊ राहतं. ही चूक निदान लगेच लक्षात येते. उलट्या डिस्कची येत नाही.

डिस्क बरोबर बसली, एवढंच पुरेसं आहे का?

पात्यांची दिशा हा उष्णतेच्या हिशेबातला एक भाग आहे. बाकीचे भाग सरळ पात्यांच्या डिस्क असलेल्या गाड्यांनाही लागू होतात.

डिस्क झिजून पातळ झाली की तिच्यात उष्णता साठवायला लोखंडच कमी उरतं. किमान किती जाडी हवी हे बहुतेक डिस्कवर कोरलेलं असतं. लेथवर घासून डिस्क गुळगुळीत करून घेतली तर नंतरची जाडी या आकड्याखाली गेलेली नाही, हे मोजून पाहावं. नवी डिस्क एकाच चाकाला न लावता पुढच्या दोन्ही चाकांना जोडीने लावावी. ब्रेक ऑइल गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मुदतीत बदलावं. बऱ्याच गाड्यांसाठी ही मुदत दोन वर्षांच्या आसपास असते.

घाटात पेट्रोल-डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय अनेकांना आहे. न्यूट्रलमध्ये इंजिनाची मदत संपते आणि उताराचा सगळा भार ब्रेकवर येतो. खालच्या गिअरमध्ये उतरलं तर इंजिनच गाडी धरून ठेवतं आणि डिस्कला थंड व्हायला वेळ मिळतो. घाट उतरल्यावर लगेच चाकांवर गार पाण्याचा फवारा मारणंही टाळावं. तापलेलं लोखंड एकदम थंड झालं तर डिस्कला तडा जाऊ शकतो.

गाडीला आधीच नव्या डिस्क लावलेल्या असतील आणि बाजूबद्दल शंका असेल, तर पुढच्या सर्व्हिसिंगला चाक काढलेलं असताना मेकॅनिकला पाती दाखवायला सांगता येतं. डिस्क उलटी निघाली तरी ती वाया जात नाही. डाव्या-उजव्या जोडीची फक्त अदलाबदल करावी लागते. दोन्ही एकाच बाजूच्या निघाल्या तर मात्र एक दुकानदाराला परत करून दुसऱ्या बाजूची मागवावी लागेल. म्हणून काडीची तपासणी डिस्क बसवण्याआधी, दुकानाच्या काउंटरवरच केलेली बरी.